वेगाचे आकडे आणि उष्णतेचा हिशेब

स्मार्टफोनची नवी मालिका बाजारात आली की तिच्यापुढे आकड्यांची वाजंत्री सुरू होते. प्रोसेसर इतक्या गिगाहर्ट्झचा, त्याची घडण इतक्या नॅनोमीटरची, अमुक कसोटीवर त्याला इतके लाख गुण आणि गतवर्षीच्या प्रोसेसरपेक्षा तो इतके टक्के वेगवान, हे सारे जाहिरातीत ठळक टाइपात असते. दरमहा पगारातून हप्ता भरणारा शिक्षक, कचेरीतला कारकून किंवा घरच्यांकडे हट्ट धरून फोन मिळवणारा विद्यार्थी या आकड्यांकडे पाहूनच निवड करतो, कारण त्याच्यापुढे दुसरे माप कोणी ठेवलेलेच नसते. हे आकडे सर्वस्वी खोटे असतात असे नव्हे. पहिल्या एक-दोन मिनिटांपुरते ते खरे असतात. त्यानंतर फोनच्या पोटात जे घडते त्याचा आकडा मात्र जाहिरातीत कोठेही सापडत नाही, आणि ज्याला फोनवर तासन् तास काम करायचे किंवा खेळायचे असते त्याने पैसे मोजलेले असतात ते या नंतरच्या काळासाठीच.

यामागचे शास्त्र अवघड नाही. प्रोसेसरमध्ये जाणारी जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. विजेचा हा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढतो. वेग वाढवायचा तर दाबही चढवावा लागतो. समजा, दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढवले, तर खर्च दहा टक्क्यांनी नव्हे, सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढतो. माध्यमिक शाळेतला मुलगाही हे गणित कागदावर करून पाहू शकेल. १९७४ साली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान होत जाईल तसा त्याला लागणारा दाबही कमी करता येतो, आणि म्हणून दाटी वाढली तरी चिपच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही. या नियमाच्या आधारावर उद्योगाने सुमारे तीन दशके सुखाने प्रगती केली. २००५-०६ च्या सुमारास तो आधार सुटला. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, दाब मात्र त्या प्रमाणात उतरेना. टेबलावरच्या संगणकांनी मोठे पंखे बसवून वेळ निभावली. खिशात मावणाऱ्या, पंखा नसलेल्या, काच आणि धातूच्या पातळ वडीला ती सोय नव्हती.

असा फोन सतत बाहेर टाकू शकेल अशी उष्णता ढोबळ मानाने तीन ते पाच वॅटची असते. उच्च श्रेणीचे प्रोसेसर ऐन भरात असताना याच्या दुपटीहून अधिक वीज सहज मागतात. काही क्षण ते चालते, कारण फोनचे अंग थंड असते आणि ते उष्णता पोटात साठवून घेते. मग पाठ तापू लागते. हातात धरायची वस्तू ४३ ते ४५ अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊ देणे धोक्याचे असते, बॅटरीचे आयुष्यही उष्णतेने झपाट्याने घटते. म्हणून फोनमधील यंत्रणा लगाम खेचते आणि प्रोसेसरचा वेग उतरवते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. त्यात गैर काही नाही, उलट ते न होणे गैर ठरेल. आक्षेप आहे तो उतरलेला वेग झाकून चढलेला वेग विकण्याला.

२०१५ साली या गोष्टीचा पहिला मोठा गवगवा झाला. क्वालकॉम कंपनीच्या स्नॅपड्रॅगन ८१० या चिपमध्ये आर्म कंपनीच्या आराखड्याचे ए-५७ जातीचे चार जोरकस कोअर होते आणि ते सुमारे २ गिगाहर्ट्झपर्यंत धावत. ही चिप घेतलेल्या फोनांविषयी तापण्याच्या तक्रारी आल्या, आणि सॅमसंगने त्या वर्षीच्या गॅलेक्सी एस-६ साठी ती न घेता स्वतःची एक्झिनॉस वापरली. या कथेला एक मौजेचा शेपूट आहे. २०१७ साली निन्टेन्डोने स्विच हे खेळयंत्र बाजारात आणले. त्यातील एनव्हिडियाच्या चिपमध्येही हेच चार ए-५७ कोअर होते आणि तिची घडणही त्याच २० नॅनोमीटरच्या पिढीतली होती. परंतु निन्टेन्डोने ते १ गिगाहर्ट्झच्या किंचित वरच रोखले आणि शिवाय आत पंखा बसवला. फोनवाल्यांनी पंख्यावाचून जो वेग छापला, त्याच्या निम्म्यावर खेळयंत्रवाले पंख्यासह थांबले. जाहिरातीच्या कागदावर स्विच दुबळा दिसतो. मात्र मूल चार तास खेळले तरी त्याचा वेग पहिल्या मिनिटाला असतो तोच अखेरच्या मिनिटाला असतो, आणि खेळ तयार करणाऱ्याला त्या वेगावर विसंबता येते.

पुढे २०२१ मध्ये स्नॅपड्रॅगन ८८८ आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जाहीर झालेला ८ जेन १ या दोन्ही चिपा सॅमसंगच्या कारखान्यात घडल्या आणि दोन्ही तापटपणाबद्दल बदनाम झाल्या. जाणत्या ग्राहकांपैकी अनेकांनी त्या काळात जुन्याच आराखड्यावरची, तैवानच्या टीएसएमसी कारखान्यातली ८७० ही चिप पसंत केली, कारण ती कागदावर मागे असली तरी डोके शांत ठेवून काम करी. मग मे २०२२ मध्ये क्वालकॉमने जे केले ते एखाद्या प्रयोगशाळेतील प्रयोगासारखेच होते. ८ जेन १ चाच आराखडा, तेच कोअर, तोच चित्रप्रोसेसर त्यांनी टीएसएमसीकडे घडवायला दिला आणि त्याला ८ प्लस जेन १ असे नाव दिले. दोन्ही चिपा ४ नॅनोमीटरच्याच म्हणवल्या जात होत्या. तरीही नव्या चिपेचा वेग ३ वरून ३.२ गिगाहर्ट्झवर गेला आणि विजेचा खर्च ३० टक्क्यांपर्यंत घटला, असे खुद्द कंपनीनेच सांगितले. नॅनोमीटर हा आकडा आता कोणत्याही प्रत्यक्ष लांबीचे माप राहिलेला नाही, तो कारखान्याने आपल्या मालाला दिलेला शिक्का आहे, हे यापेक्षा स्वच्छ सिद्ध होणे कठीण. दुकानातला विक्रेता मात्र तो शिक्का आजही सोन्याच्या कॅरेटसारखा सांगतो.

येथवरचा प्रकार अर्धसत्याचा झाला. त्यापुढची पायरी उघड लबाडीची आहे. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-४ या २०१३ सालच्या फोनची एक आवृत्ती कसोटीचा प्रोग्राम सुरू झाल्याचे ओळखून तेवढ्यापुरता चित्रप्रोसेसरचा वेग चढवत असे. त्यावरून अमेरिकेत झालेला दावा कंपनीने २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ३४ लाख डॉलर्सच्या तडजोडीने मिटवला. २०१८ मध्ये हुआवेचे काही फोन याच कारणास्तव थ्रीडीमार्कच्या यादीतून काढले गेले. २०२१ मध्ये वनप्लस ९ या फोनात उलट युक्ती आढळली: नेहमीच्या वापरातील लोकप्रिय प्रोग्रामना सर्वांत जोरकस कोअर वापरूच दिला जात नसे, कसोटीच्या प्रोग्रामना मात्र ती मोकळीक असे. आणि २०२२ च्या मार्चमध्ये दक्षिण कोरियात जे उघडकीस आले त्याने या साऱ्यावर कळस चढवला. सॅमसंगच्या फोनातील खेळांसाठीची एक अंतर्गत यंत्रणा सुमारे दहा हजार प्रोग्रामांच्या यादीवर नजर ठेवून होती आणि त्यांचा वेग आवरत होती. कसोटीचे प्रोग्राम तेवढे त्या यादीत नव्हते. गीकबेंचने एस-१० पासून एस-२२ पर्यंतच्या पिढ्यांचे गुण आपल्या तक्त्यातून काढून टाकले आणि कंपनीच्या प्रमुखांना भागधारकांच्या सभेत क्षमा मागावी लागली. फोन तापू नये हा हेतू योग्यच होता, असे कंपनीच्या बाजूने म्हणता येईल. मग कसोटीच्या वेळी तो तापला तरी चालतो, हे कोणत्या न्यायाने?

ॲपलसारखी कंपनीही या पंक्तीपासून फार दूर बसलेली नाही. जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग आपण कमी करत होतो, हे तिने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. ग्राहकांना ते आधी सांगितले नाही म्हणून २०२० साली फ्रान्सने तिला २.५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. त्या दंडाचे कारण वेग कमी करणे हे नव्हते, न सांगणे हे होते. आपल्या चर्चेत हा फरक महत्त्वाचा आहे.

तेव्हा कंपनीला ज्याची आगाऊ तयारी करता येत नाही असे माप कोणते? चमत्कारिक वाटेल, पण ते माप मुलांच्या खेळातून आले आहे. जुन्या खेळयंत्रांचे सोंग हुबेहूब वठवणारे प्रोग्राम, म्हणजे इम्युलेटर, फोनवर चालवणाऱ्यांचा मोठा वर्ग जगभर आहे. सोनीचे प्लेस्टेशन २ हे यंत्र २००० साली जपानात निघाले. त्याचा मुख्य प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झहूनही कमी वेगाचा होता. आजच्या उत्तम फोनचा वेग ४००० मेगाहर्ट्झच्या पुढे गेला आहे. वरवर पाहता हा हत्तीने मुंगी उचलण्याचा प्रकार वाटतो. वस्तुतः तसे नाही. त्या यंत्राचा प्रोसेसर मिप्स नावाच्या कुळातला, फोनचा आर्म कुळातला. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, म्हणून प्रत्येक आज्ञेचा खेळ चालू असतानाच अनुवाद करावा लागतो आणि एका आज्ञेपोटी अनेक आज्ञा खर्ची पडतात. त्यातच मूळ यंत्रात मुख्य प्रोसेसरबरोबर दोन गणिती एकके, चित्र रेखाटणारी वेगळी चिप आणि ध्वनीची वेगळी चिप एकमेकांच्या तालावर काम करत. तो ताल इम्युलेटरला सांभाळावा लागतो. सेकंदाला ६० चित्रे उमटवायची तर प्रत्येक चित्राला १७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. एखादे चित्र उशिरा आले की हालचाल अडखळते आणि आवाज फाटतो.

हे काम आठ कोअरांत सारखे वाटूनही देता येत नाही. दोन-तीन धाग्यांवरच त्याचा सारा भार असतो, आणि त्यांतला एक धागा सर्वांत जोरकस कोअरला क्षणाचीही उसंत देत नाही. त्यामुळे कसोटीच्या प्रोग्रामला ज्या क्षणिक उसळीवर गुण मिळतात त्या उसळीचा येथे उपयोग शून्य. पहिली पाच मिनिटे शंभर टक्के वेगाने चाललेला खेळ विसाव्या मिनिटाला ऐंशी टक्क्यांवर आला, तर शाळकरी मुलालाही ते कानाने कळते. त्याला गुणपत्रिकेची गरज पडत नाही. आणि जुन्या खेळांची संख्या हजारोंत असल्याने त्यांतल्या प्रत्येकासाठी खास वागणूक ठेवणे कोणत्याही कंपनीला शक्य नाही.

इम्युलेशनने आणखी एक गोष्ट उघड केली आहे आणि ती उष्णतेइतकीच मोलाची आहे. मीडियाटेकच्या वरच्या श्रेणीतील डायमेन्सिटी चिपा, त्यांतील आर्मचा चित्रप्रोसेसर धरून, गुणांच्या तक्त्यात स्नॅपड्रॅगनच्या खांद्याला खांदा लावतात. तरीही इम्युलेटर वापरणारा स्नॅपड्रॅगनच मागतो. याचे कारण धातूत किंवा सिलिकॉनमध्ये नाही, ड्रायव्हरमध्ये आहे. म्हणजे चित्रप्रोसेसरला आज्ञा समजावून सांगणाऱ्या प्रोग्रामात. क्वालकॉमच्या ॲड्रेनो चित्रप्रोसेसरसाठी मेसा या खुल्या प्रकल्पातून टर्निप नावाचा ड्रायव्हर तयार झाला, आणि कित्येक इम्युलेटरांत तो फोनची मूळ घडी न विस्कटता बसवता येतो. कंपनीच्या ड्रायव्हरमुळे चित्र बिघडले तर वापरणाऱ्याच्या हाती दुसरा उपाय उरतो. दुसऱ्या पक्षाकडे अशी सोय नसल्याने तिथला ग्राहक कंपनीच्या पुढच्या दुरुस्तीची वाट पाहत बसतो. दोन चिपांमधील एवढा मोठा फरक कोणत्याही गुणसंख्येत उमटत नाही.

यावर कोणी म्हणेल की हा सारा पोरखेळ आहे आणि त्यात चोरीच्या खेळांचा भरणाही आहे. चोरीचे समर्थन करण्याचे कारण नाही. यूझू हा स्विचचा इम्युलेटर निन्टेन्डोच्या दाव्यानंतर मार्च २०२४ मध्ये बंद पडला आणि त्याच्या कर्त्यांनी २४ लाख डॉलर्स द्यायचे कबूल केले, ते कुलूप फोडून घेतलेल्या खेळांच्या प्रश्नावरून. पण इम्युलेशनची विद्या स्वतः गुन्हेगार नाही. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० सालीच इम्युलेटर तयार करणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला होता. ॲपलने २०२० मध्ये आपले संगणक इंटेलच्या प्रोसेसरवरून स्वतःच्या प्रोसेसरवर आणले ते अशाच अनुवादाच्या बळावर. व्हॉल्व्ह कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये घोषित केलेले डोळ्यांवर चढवायचे यंत्र तर फोनचीच स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ चिप घेते आणि संगणकाचे खेळ अनुवाद करून चालवते. पोरखेळ म्हणून हिणवलेली ही कसोटी उद्याच्या संगणकाचीही कसोटी आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. भारतीय ग्राहकाला एकाच नावाखाली निराळी चिप मिळण्याचा अनुभव जुना आहे. २०२० साली गॅलेक्सी एस-२० हा फोन अमेरिकेत आणि कोरियात स्नॅपड्रॅगन घेऊन आला, भारतात एक्झिनॉस घेऊन. अमेरिकेतल्या परीक्षणावर विसंबून इथे फोन घेणारा वस्तुतः दुसऱ्याच फोनचे परीक्षण वाचत असे. पण चिप तीच असली तरी हवा तीच कोठे असते? तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारी उष्णता तिच्या आणि भोवतालच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. फोनची पाठ ४३ अंशांवर रोखायची असेल आणि खोली २२ अंशांची असेल तर फरक २१ अंशांचा. तीच खोली मे महिन्यात ४० अंशांवर गेली की फरक उरतो ३ अंशांचा, आणि बाहेर पडू शकणारी उष्णता येते सुमारे सातव्या हिश्श्यावर. नागपूर, अकोला, चंद्रपूर या गावी उन्हाळ्यात पारा ४५ ओलांडतो तेव्हा तर हवाच फोनला तापवते. ॲपल आपल्या फोनसाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश असावे असे सांगते. विदर्भातल्या वसतिगृहात पत्र्याखाली बसलेल्या विद्यार्थ्याला ही अट महिनोन् महिने पाळता येत नाही. त्यात फोनवर जाड रबरी कव्हर घालण्याची आपली हौस. महागड्या यंत्राला जपण्यासाठी आपण त्याला मे महिन्यात घोंगडी पांघरतो.

कंपन्या काहीच करत नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ प्रोमध्ये ॲपलने प्रथमच व्हेपर चेंबर बसवला, म्हणजे आत थोडे पाणी असलेली चपटी बंद पेटी. तापल्या जागी पाणी वाफ होते, थंड जागी पुन्हा पाणी होते. त्याच वेळी टायटॅनियम सोडून उष्णता चांगली वाहून नेणारे ॲल्युमिनियमचे अंग तिने पत्करले. अँड्रॉइड फोनांत अशा पेट्या आधीपासून आहेत. परंतु पेटी उष्णता पसरवते, नाहीशी करत नाही. दुसरीकडे वेगाची चढाओढ थांबलेली नाही. २०२४ च्या स्नॅपड्रॅगन ८ एलीटचा वेग ४.३२ गिगाहर्ट्झ होता, २०२५ च्या पुढच्या चिपेचा ४.६ झाला. टोकाचा वेग सर्वस्वी निरुपयोगी असतो असेही नाही. प्रोग्राम चटकन उघडणे, छायाचित्रावर संस्कार करणे अशी क्षणाची कामे त्याने लवकर उरकतात आणि प्रोसेसर पुन्हा विश्रांती घेतो. मात्र पैसे पाठवणे, संदेश वाचणे आणि मुलांची हजेरी भरणे एवढ्यासाठी फोन घेणाऱ्याला तीन वर्षांपूर्वीच्या वरच्या श्रेणीतली चिपही पुरून उरते, हे त्याला कोणी सांगत नाही.

कायद्याने काय करता येईल याचे उत्तर आपल्या घरात, भिंतीवरच टांगलेले आहे. वातानुकूलन यंत्रांची तारांकित लेबले पूर्वी एकाच ठरावीक तापमानावरच्या चाचणीवरून दिली जात. २०१८ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने नवे माप सक्तीचे केले. त्यात बाहेरचे तापमान २४ पासून ४३ अंशांपर्यंत धरले जाते आणि वर्षातील १६०० तासांच्या वापराचा हिशेब होतो. भारतातल्या यंत्राची परीक्षा भारतातल्या उन्हाळ्यात व्हावी, हे तत्त्व म्हणजे आपल्या शासनाने आधीच मान्य केले आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोनांवर लेबल सक्तीचे केले. त्यावर बॅटरीचा टिकाऊपणा, पडल्यावर तग धरण्याची शक्ती आणि दुरुस्तीची सुलभता यांचे रकाने आहेत, अर्ध्या तासानंतर उरणाऱ्या वेगाचा रकाना मात्र नाही. तो भारताने प्रथम घालावा. ३५ अंशांच्या खोलीत, कव्हरशिवाय, अर्धा तास पूर्ण भार दिल्यावर मूळ वेगाच्या किती टक्के वेग उरतो आणि पाठ किती तापते, हे दोन आकडे खोक्यावर छापायला कंपन्यांना फार खर्च नाही. थ्रीडीमार्कची वीस मिनिटांची ताणाची चाचणी नेमके हेच मोजते: वीस फेऱ्यांतील सर्वांत कमी गुणांना सर्वांत जास्त गुणांनी भागून टक्केवारी काढते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणाऱ्या जाहिरातीलाही दिशाभूल करणारी जाहिरात ठरवले आहे, तेव्हा आधारही नव्याने शोधावा लागणार नाही.

अशा लेबलामुळे जाड आणि जड फोनांना झुकते माप मिळेल, असा आक्षेप उद्योगाकडून येईल. तो खराच आहे. चीनच्या रेडमॅजिकने तर २०१९ मध्येच फोनच्या पोटात पंखा बसवला, आणि त्याची थोडी घरघर ऐकत खेळणारे गिऱ्हाईक त्याला मिळालेही. जादा एक मिलिमीटर जाडीच्या बदल्यात उन्हाळ्यातही न अडखळणारा फोन घ्यायचा, की सडपातळ फोन घेऊन त्याचा उतरता वेग सोसायचा, हे ज्याने पैसे मोजायचे त्याने ठरवावे. तूर्त त्याच्या वतीने ते ठरवले जाते जाहिरात विभागात, बहुधा वातानुकूलित खोलीत.